अ‍ॅथलेटिक क्लब, बिल्बाओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या एप्रिलमध्ये या स्पॅनिश फुटबॉल क्लबने चाळीस वर्षांनी कोपा (स्पेनची राष्ट्रीय चषक स्पर्धा) जिंकला आणि तेव्हापासून त्याच्याविषयीचे प्रश्न सतत येत आहेत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे जुन्या चाहत्यांनाही अडवणारे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा क्लब नक्की कुठला? आणि त्याचं खरं नाव काय?

स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशातल्या बिस्काया प्रांतात बिल्बाओ हे शहर आहे. क्लब तिथला. अधिकृत नाव नुसतं ‘अ‍ॅथलेटिक क्लब’, त्यात बिल्बाओ हा शब्दच नाही. बाहेरचे लोक ओळख पटावी म्हणून ‘अ‍ॅथलेटिक बिल्बाओ’ म्हणतात, त्यात गैर काही नाही. ‘अ‍ॅटलेटिको बिल्बाओ’ मात्र म्हणू नका. १९४१ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने परदेशी शब्दांवर बंदी घातली, तेव्हा क्लबला नाव बदलून ‘अ‍ॅटलेटिको दे बिल्बाओ’ करावं लागलं. मूळ नाव परत मिळायला १९७२ उजाडलं. त्यामुळे तो एक शब्द तिथल्या जुन्या माणसांना अजून टोचतो.

२. स्थापना कधीची? कुठे १८९८ लिहिलेलं असतं, कुठे १९०१, तर कुठे १९०३.

तिन्ही सालांना आधार आहे. १८९८ मध्ये बिल्बाओतल्या व्यायामशाळेत जाणाऱ्या काही तरुणांनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली. क्लब स्वतः हेच साल मानतो आणि शताब्दीही त्याने १९९८ मध्ये साजरी केली. १९०१ मध्ये कॅफे गार्सियात बैठक होऊन रीतसर नियमावली ठरली. १९०३ मध्ये गावातला दुसरा संघ, बिल्बाओ फुटबॉल क्लब, यात विलीन झाला.

३. स्पॅनिश क्लबचं नाव इंग्रजी कसं काय?

लोखंडामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिल्बाओच्या आसपासच्या डोंगरांतून निघणारं लोहखनिज जहाजं भरभरून ब्रिटनला जायचं आणि परतीच्या फेरीत तिथला कोळसा यायचा. त्या वाहतुकीबरोबर ब्रिटिश खलाशी, खाणकामगार, गोदी कामगार आणि अभियंतेही आले. फावल्या वेळात ते नदीकाठच्या मोकळ्या जागेवर चेंडू खेळायचे. दुसऱ्या बाजूने, बिल्बाओच्या सधन घरांतली मुलं शिकायला ब्रिटनला जायची आणि येताना खेळाची गोडी घेऊन यायची. या दोन प्रवाहांच्या संगमातून क्लब उभा राहिला. सुरुवातीच्या संघांत इंग्रज खेळाडूही असायचे. आजच्या धोरणाकडे पाहता ही गोष्ट अनेकांना पटत नाही, पण ती खरी आहे (प्रश्न ६ पाहा).

४. जर्सी अगदी अ‍ॅटलेटिको माद्रिदसारखी आहे. कोणी कोणाची उचलली?

दोघांची एकाच पेटीतून आली. १९०३ मध्ये माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी बिल्बाओच्या क्लबची शाखा म्हणून अ‍ॅथलेटिक माद्रिद सुरू केला, तोच आजचा अ‍ॅटलेटिको. त्या वेळी दोन्ही संघ निळ्या-पांढऱ्या जर्सीत खेळायचे. १९०९ च्या अखेरीस हुआन एलोर्दुय नावाचा सभासद इंग्लंडला गेला होता, त्याच्याकडे नव्या जर्सी आणायचं काम दिलेलं. निळ्या-पांढऱ्या पुरेशा मिळेनात. परतीची बोट साउदॅम्प्टनहून होती, म्हणून त्याने तिथल्या स्थानिक क्लबच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी विकत घेतल्या. बिल्बाओ शहराच्या झेंड्याचे रंगही लाल-पांढरेच, त्यामुळे गावाने त्या लगेच आपल्या मानल्या. १९१० च्या जानेवारीत संघ प्रथम त्या घालून उतरला. निम्म्या जर्सी माद्रिदला गेल्या. बिल्बाओने पुढे काळी चड्डी घेतली, माद्रिदवाल्यांनी जुनी निळीच ठेवली. आजही दोन्ही संघ लांबून ओळखायचे तर चड्डीचा रंग बघा.

५. ‘फक्त बास्क खेळाडू’ हा नियम नक्की काय आहे?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि त्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त आहेत.

क्लबच्या घटनेत असं कलम नाही. ती एक प्रथा आहे आणि क्लब तिला आपलं ‘तत्त्व’ म्हणतो. क्लबने ती ज्या शब्दांत मांडली आहे त्याचा अर्थ असा: जो खेळाडू क्लबच्या स्वतःच्या अकादमीत किंवा बास्क भूमीतल्या एखाद्या क्लबमध्ये घडला, तो चालतो, आणि जो बास्क भूमीत जन्मला, तोही चालतो. बास्क भूमी म्हणजे एकूण सात प्रदेश. बिस्काया, गिपुस्कोआ, आलावा आणि नावारा हे चार स्पेनमध्ये, तर लापुर्दी, खालचा नावारा आणि सुबेरोआ हे तीन फ्रान्समध्ये.

यात वंश, आडनाव, भाषा, आजी-आजोबा यांपैकी काहीही नाही. बास्क भाषा येत नसली तरी चालतं. उलट ब्यूनस आयर्समध्ये जन्मून तिथेच वाढलेला शंभर टक्के बास्क आडनावाचा मुलगा केवळ आडनावावर आत येत नाही. ‘रक्त शुद्ध ठेवणारा क्लब’ असं वर्णन मराठी लिखाणातही अधूनमधून दिसतं. ते चुकीचं आहे आणि अन्यायकारकही.

ही व्याख्या पहिल्या दिवसापासून अशी नव्हती. आधी भर बिस्कायाच्या मुलांवर होता, मग शेजारचे बास्क प्रांत आले, नावारा आला, फ्रान्सकडचा भाग आला. ‘आपला कोण’ ही रेघ दर पिढीने थोडी पुढे सरकवली. माझ्या मते या क्लबचा खरा इतिहास त्या सरकण्यातच आहे, आणि ट्रॉफ्यांची यादी त्याच्या मागून येते.

६. मग ही प्रथा सुरू कधी आणि कशी झाली?

साधारणपणे १९१२ पासून धरतात. १९११ च्या कोपात अ‍ॅथलेटिकने इंग्रज खेळाडू उतरवले होते. शेजारच्या सान सेबास्तियानच्या रियल सोसिएदादने आणि इतरांनी त्यांच्या पात्रतेवर हरकत घेतली आणि मोठा वाद झाला. स्पर्धा अ‍ॅथलेटिकने जिंकली, पण त्यानंतर परदेशी खेळाडू घेणं थांबवलं. म्हणजे सुरुवातीला यामागे फार मोठी विचारसरणी नव्हती. एका कटकटीतून पडलेला पायंडा होता. तो टिकला, कारण त्याच काळात स्थानिक मुलांचा संघ भरपूर जिंकत होता. यशाने सवय पक्की झाली, आणि फ्रँकोच्या काळात बास्क ओळखीवर दडपण आलं तेव्हा त्या सवयीला फार खोल अर्थ मिळाला (प्रश्न १३ पाहा).

७. प्रशिक्षकही बास्कच लागतो का?

नाही, ही प्रथा फक्त खेळाडूंपुरती आहे. क्लबच्या सगळ्यात लाडक्या प्रशिक्षकांपैकी एक तर इंग्रज होता. फ्रेड पेंटलंड पहिल्या महायुद्धात जर्मनीत रूलेबेनच्या छावणीत नजरकैदेत होता. १९२२ मध्ये तो बिल्बाओला आला, मध्यंतरी दुसरीकडे जाऊन १९२९ ला परतला, आणि पुढच्या चार वर्षांत दोन लीग व सलग चार कोपा जिंकून गेला. लांब लाथेच्या, धसमुसळ्या खेळाऐवजी त्याने जमिनीवरून आखूड पास देणारा खेळ शिकवला. डोक्यावर कायम गोल बॉलर हॅट. मोठा सामना जिंकला की खेळाडू ती हिसकावून पायांखाली चिरडायचे, आणि तो पुन्हा नवी आणायचा. अशा किती हॅट गेल्या असतील!

नंतरही फर्डिनांड दाउचिक, हॉवर्ड केंडल, युप हाइन्केस, लुइस फर्नांडेझ, मार्सेलो बिएल्सा असे बाहेरचे प्रशिक्षक येत राहिले.

८. लापोर्त फ्रेंच, गानेआ रोमानियन. हे कसे चालले? यादीच द्या अशा अपवादांची.

प्रश्न ५ मधली व्याख्या नीट वाचली तर हे अपवाद उरतच नाहीत, पण उदाहरणांनी जास्त स्पष्ट होईल.

बिक्सेंते लिसारासू १९९६ मध्ये आला. फ्रान्सकडच्या बास्क किनाऱ्यावरचा हा पहिला खेळाडू. एमेरिक लापोर्तचा जन्म फ्रान्समधल्या आजेंचा, ते गाव बास्क प्रदेशात नाही. तो बास्क भूमीतल्या बायोनमधून किशोरवयात बिल्बाओच्या अकादमीत आला आणि तिथे घडला. क्रिस्तियन गानेआ रोमानियात जन्मला, पण लहान वयात कुटुंबासह बिल्बाओजवळ राहायला आला आणि तिथल्या क्लबांत फुटबॉल शिकला. पुढे तो रोमानियाकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि २०१८ मध्ये अ‍ॅथलेटिकमध्ये आला. आदामा बोइरोचा जन्म सेनेगलचा, बालपण पाम्प्लोनातलं.

उलट बाजूचं उदाहरण आंदेर एरेराचं. जन्म बिल्बाओचा, पण वाढला आणि शिकला सारागोसात. तो जन्माच्या निकषावर आला. फर्नांदो योरेंतेचा जन्म पाम्प्लोनाचा, लहानपण ला रियोहात गेलं आणि अकराव्या वर्षाच्या आसपास तो अ‍ॅथलेटिकच्या अकादमीत दाखल झाला, म्हणजे तो दोन्ही निकषांत बसतो. २०२४ चा कोपा जिंकून देणारे प्रशिक्षक एर्नेस्तो वाल्वेर्दे खेळाडू म्हणूनही इथे होते. त्यांचा जन्म दूरच्या एस्त्रेमादुरातला, पण ते वाढले आलावाच्या राजधानीत, व्हितोरियात.

९. हे धोरण वर्णभेदी आहे, असं ऐकलं. त्यात तथ्य किती?

आजच्या धोरणात नाही. इतिहासात मात्र एक गोष्ट खटकते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मिगेल जोन्सचा जन्म १९३८ मध्ये स्पेनच्या तेव्हाच्या वसाहतीत, आजच्या विषुववृत्तीय गिनीत झाला. तो लहानपणीच बिल्बाओला आला आणि तिथेच मोठा झाला. अ‍ॅथलेटिकने त्याला आजमावलं, पण घेतलं नाही. जन्म बिस्कायाबाहेरचा, हे कारण सांगितलं गेलं. तो अ‍ॅटलेटिको माद्रिदला गेला आणि १९६२ च्या युरोपीय कप विनर्स कपच्या अंतिम फेरीत त्याने गोल केला. रंग आड आला की जन्मस्थान, यावर आजही मतं वेगळी आहेत. काहीही असो, आजच्या व्याख्येनुसार त्याला कोणी अडवू शकलं नसतं, आणि क्लबचं त्यात नुकसानच झालं.

पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मुख्य संघाकडून लीग खेळला तो २०११ मध्ये: जोनास रामाल्यो, वडील अंगोलाचे. मग आला इन्याकी विल्यम्स. त्याचे आईवडील घानाहून निघाले, सहारा वाळवंटाचा मोठा भाग त्यांनी पायी पार केला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मेलिया या स्पॅनिश शहराच्या कुंपणावरून ते स्पेनमध्ये उतरले. बिल्बाओत त्यांना मदत करणाऱ्या धर्मगुरूच्या नावावरून मुलाचं नाव इन्याकी ठेवलं. २०१५ च्या फेब्रुवारीत तोरिनोविरुद्ध त्याने गोल केला, तेव्हा अ‍ॅथलेटिकसाठी गोल करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३ या काळात तो ला लिगाचा (स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगचा) एकही सामना चुकला नाही. सलग २५१ सामन्यांचा हा विक्रम आहे. धाकटा भाऊ निको पाम्प्लोनात जन्मला. इन्याकी घानाकडून खेळतो, निको स्पेनकडून, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध पहिला गोल निकोचाच होता.

१०. कोपा २४ की २५? प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा दिसतो.

स्पॅनिश महासंघाच्या हिशेबात २४, क्लबच्या हिशेबात २५. फरक १९०२ चा आहे. त्या वर्षी राजा तेराव्या अल्फोन्सोच्या राज्यारोहणानिमित्त माद्रिदमध्ये स्पर्धा झाली. बिल्बाओच्या दोन संघांतले खेळाडू एकत्र करून ‘बिस्काया’ या नावाने संघ गेला आणि त्याने अंतिम सामन्यात बार्सिलोनाला २-१ ने हरवलं. तो चषक अ‍ॅथलेटिकच्या संग्रहालयात आहे. महासंघ मात्र कोपाची गणती १९०३ पासून करतो. तो पहिला अधिकृत कोपाही अ‍ॅथलेटिकनेच जिंकला, अंतिम सामन्यात माद्रिदविरुद्ध ०-२ ने मागे पडून ३-२ ने. कोपाच्या यादीत बार्सिलोनानंतर यांचाच नंबर लागतो.

लीग आठ वेळा: १९३०, १९३१, १९३४, १९३६, १९४३, १९५६, १९८३, १९८४. सुपरकप तीन: १९८४, २०१५ आणि जानेवारी २०२१.

११. हा क्लब कधीच खालच्या श्रेणीत गेला नाही, हे खरं?

खरं. स्पेनची लीग सुरू झाल्यापासून रियल माद्रिद, बार्सिलोना आणि अ‍ॅथलेटिक हे तीनच क्लब कायम पहिल्या श्रेणीत आहेत. पहिल्या दोघांची आर्थिक ताकद आणि जगभरातून खेळाडू आणण्याची मुभा पाहिली, की तिसऱ्या नावाची किंमत कळते. धोका येऊन गेला आहे. २००६-०७ मध्ये शेवटच्या दिवशी लेव्हान्तेला २-० ने हरवलं म्हणून संघ सतराव्या स्थानावर राहून वाचला.

१२. सुवर्णकाळ कोणता मानायचा?

पेंटलंडचा, असं माझं मत. १९२९-३० ची लीग संघाने एकही सामना न हरता जिंकली. पुढच्या मोसमात बार्सिलोनाला घरच्या सान मामेस मैदानावर १२-१ ने हरवलं, त्यातले सात गोल बाता या एकट्या खेळाडूचे. बार्सिलोनाचा लीगमधला सगळ्यात मोठा पराभव आजही तोच आहे.

चाळीसच्या दशकाला ओळख दिली तेल्मो साराने. त्याने ला लिगात २५१ गोल केले आणि सहा वेळा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. १९५०-५१ मध्ये ३० सामन्यांत त्याने ३८ गोल मारले. एकूण गोलांचा त्याचा विक्रम २०१४ मध्ये मेस्सीने मोडेपर्यंत कोणाच्या हाती लागला नव्हता. १९५० च्या विश्वचषकात मारकानावर इंग्लंडला हरवणारा गोलही त्याचाच.

पन्नासच्या दशकातलं एक वर्ष आवर्जून सांगायला हवं. १९५८ च्या कोपाचा अंतिम सामना माद्रिदमध्ये, रियल माद्रिदच्याच मैदानावर झाला. समोर युरोपवर राज्य करणारा दी स्तेफानोचा संघ. अ‍ॅथलेटिकने २-० ने जिंकला, आणि ते खेळाडू ‘अकरा खेडूत’ म्हणून कायमचे लक्षात राहिले.

१३. यादवी युद्ध आणि फ्रँकोच्या काळात क्लबचं काय झालं?

१९३६ ची लीग जिंकली आणि काही महिन्यांत युद्ध पेटलं. बास्क सरकारचे पहिले प्रमुख होसे अँटोनिओ आगिर्रे हे स्वतः अ‍ॅथलेटिकचे माजी खेळाडू. १९३७ मध्ये त्यांच्या सरकारने बास्क संघ युरोपच्या दौऱ्यावर पाठवला, निधी जमवायला आणि जगापुढे आपली बाजू मांडायला. त्यात अ‍ॅथलेटिकचे बरेच खेळाडू होते. संघ बाहेर असतानाच बिल्बाओ पडलं. बहुतेक जण परतले नाहीत. हा संघ मेक्सिकोला पोचला, तिथल्या १९३८-३९ च्या लीगमध्ये दुसरा आला आणि मग फुटून गेला. अँखेल सुबिएतासारखे काही पुढे अर्जेंटिनात नावारूपाला आले. अ‍ॅथलेटिकला युद्धानंतर जवळपास नव्या पोरांनिशी उभं राहावं लागलं, आणि तरीही १९४३ मध्ये लीग व कोपा दोन्ही जिंकले.

फ्रँको गेल्यानंतरचा एक प्रसंग इथे महत्त्वाचा. ५ डिसेंबर १९७६, सान सेबास्तियानच्या आतोचा मैदानावर रियल सोसिएदाद विरुद्ध अ‍ॅथलेटिक. बास्क झेंडा, इकुरिन्या, तेव्हाही बेकायदा होता. सोसिएदादचा खेळाडू उरांगा याच्या बहिणीने तो घरी शिवला आणि त्याने तो बॅगेत लपवून आत आणला. सामन्याआधी दोन्ही कर्णधार, अ‍ॅथलेटिकचा गोलकीपर होसे आंखेल इरिबार आणि सोसिएदादचा इनाक्सियो कोर्ताबारिया, दोन बाजूंनी तो धरून मैदानात आले आणि मध्यावर ठेवला. पुढच्याच महिन्यात झेंड्यावरची बंदी उठली. सामना सोसिएदादने ५-० ने जिंकला, पण त्या दिवसाची आठवण काढताना बिल्बाओत कोणी स्कोअर आधी सांगत नाही.

१४. ‘पिचिची’ पुरस्काराचा या क्लबशी काय संबंध?

ला लिगातल्या सर्वाधिक गोल करणाऱ्याला ‘मार्का’ हे क्रीडा दैनिक जो पुरस्कार देतं, तो अ‍ॅथलेटिकच्या राफाएल मोरेनो आरान्सादीच्या टोपणनावाने आहे. पिचिची अंगाने किरकोळ, डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळायचा. १९१३ मध्ये सान मामेसवरचा पहिला गोल त्याचाच. १९२२ मध्ये टायफसने तो गेला, तेव्हा तो अवघा २९ वर्षांचा होता. मैदानात त्याचा अर्धपुतळा आहे. सान मामेसवर पहिल्यांदा खेळायला येणाऱ्या पाहुण्या संघाचा कर्णधार त्यापुढे फुलं ठेवतो.

१५. ‘कॅथेड्रल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सान मामेसचं नाव कुठून आलं, आणि खेळाडूंना ‘सिंह’ का म्हणतात?

मैदान जिथे उभं राहिलं तिथे जवळच संत मामेसचं स्थान होतं. रोमन काळात या संताला सिंहांपुढे टाकलं आणि सिंहांनी त्याला काही केलं नाही, अशी आख्यायिका आहे. त्यावरून खेळाडू ‘सिंह’ झाले. जुनं मैदान २१ ऑगस्ट १९१३ ला सुरू झालं आणि शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, बंद झालं. शेजारीच बांधलेलं नवं सान मामेस सुमारे ५३,००० क्षमतेचं आहे. जुन्या मुख्य स्टँडवरची पोलादी कमान मोडीत काढली नाही. ती लेसामाच्या प्रशिक्षण केंद्रात उभी केली आहे, रोज सरावाला येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर.

१६. विजयाची मिरवणूक होडीतून का काढतात?

ती होडी म्हणजे मालवाहू पडाव, तिथे ‘गाबारा’ म्हणतात. बिल्बाओ वाढलं ते नेर्व्हियोन नदीच्या खाडीकाठाने. गोद्या, लोखंडाचे कारखाने, कामगारांच्या वस्त्या, सगळं त्याच काठावर. १९८३ मध्ये हावियेर क्लेमेंतेच्या संघाने २७ वर्षांनी लीग जिंकली, तेव्हा उघड्या बसऐवजी संघ या पडावातून समुद्राकडून शहरात आला. दोन्ही काठ माणसांनी भरून गेले. १९८४ मध्ये लीग आणि कोपा दोन्ही आले, पुन्हा गाबारा निघाली. त्या कोपाचा अंतिम सामना बार्सिलोनाविरुद्ध होता. एंदिकाच्या एका गोलाने तो जिंकला, पण शिट्टी वाजल्यावर बार्सिलोनाच्या माराडोनापासून सगळेच हाणामारीत उतरले. आधीच्या सप्टेंबरात अ‍ॅथलेटिकच्या गोइकोएचेआने माराडोनाचा घोटा मोडला होता, तो राग त्यात होता. ती लाथ कुठल्याही चष्म्यातून पाहिली तरी वाईटच होती, असं मला वाटतं.

नंतर चाळीस वर्षं गाबारा हलली नाही. २००९, २०१२, २०१५ मध्ये कोपाचे अंतिम सामने बार्सिलोनाकडून हरले. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर दोन आठवड्यांत दोन अंतिम सामने हरले (प्रश्न १७ पाहा). शेवटी ६ एप्रिल २०२४ ला सेव्हियात मायोर्काविरुद्ध १-१ बरोबरी झाली. सान्सेतने बरोबरीचा गोल केला होता, पेनल्टींवर ४-२ ने विजय मिळाला आणि शेवटची पेनल्टी आलेक्स बेरेंगेरने मारली. ११ एप्रिलला गाबारा पाण्यात उतरली, तेव्हा सुमारे दहा लाख लोक काठांवर होते असा अंदाज सांगितला गेला. १९८४ ला बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेले आता स्वतःच्या मुलांना घेऊन आले होते.

१७. रियल सोसिएदादशी नातं मैत्रीचं की वैराचं?

दोन्ही. या दोघांतल्या सामन्याला, म्हणजे बास्क डर्बीला, दोन्ही संघांचे चाहते शेजारी शेजारी बसतात, रस्त्यात एकत्र पितात. प्रश्न १३ मधला झेंडाही दोघांनी मिळून आणला. पण खेळाडू पळवण्यावरून भांडणं खरी आहेत. १९९५ मध्ये अ‍ॅथलेटिकने सतरा वर्षांच्या होसेबा एचेबेरियाला ५५ कोटी पेसेता मोजून सोसिएदादकडून घेतलं आणि दोन्ही क्लबांचे संबंध तुटले. तोच एचेबेरिया निवृत्तीआधीचा शेवटचा मोसम अ‍ॅथलेटिकसाठी बिनपगारी खेळला.

सोसिएदादमध्येही पूर्वी फक्त बास्क खेळाडूंची प्रथा होती. ती त्यांनी १९८९ मध्ये जॉन ऑल्ड्रिजला घेऊन सोडली.

२०२० च्या कोपाची अंतिम फेरी या दोघांतच होती. महामारीत रिकाम्या मैदानावर खेळायचं नाही, चाहत्यांसाठी थांबू, असं दोघांनी ठरवलं आणि सामना वर्षभर पुढे गेला. एवढं थांबूनही ३ एप्रिल २०२१ ला स्टँड रिकामेच राहिले. सोसिएदादने १-० ने जिंकला.

१८. मालक कोण? बाहेरचे खेळाडू न घेता पैसा आणि संघ टिकतो कसा?

मालक सभासद. १९९० च्या कायद्याने स्पेनमधल्या व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावं लागलं, त्यातून चारच क्लब सुटले: रियल माद्रिद, बार्सिलोना, ओसासुना आणि अ‍ॅथलेटिक. चाळीस हजारांहून जास्त सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. धोरण बदलायची ताकद त्यांच्याचकडे आहे, आणि ते बदलत नाहीत.

पैशाचं गणित असं. बदली खेळाडू सहज मिळत नाही, म्हणून क्लब विकायला तयार नसतो. करारातली सुटकेची पूर्ण रक्कम भरा आणि न्या, एवढंच सांगतो. २०१२ मध्ये बायर्नने हावी मार्तिनेससाठी ४ कोटी युरो भरले, २०१८ मध्ये मँचेस्टर सिटीने लापोर्तसाठी ६.५ कोटी आणि चेल्सीने गोलकीपर केपासाठी ८ कोटी. हा पैसा लेसामाच्या अकादमीत (१९७१ पासून) आणि आपल्या खेळाडूंना टिकवण्यात जातो. जुनी तऱ्हाही तीच. १९६० च्या सुमारास खेसूस गाराय बार्सिलोनाला विकला गेला आणि त्या पैशातून सान मामेसचा एक स्टँड बांधला. याची उलट बाजूही आहे. शेजारच्या क्लबांना माहीत असतं की अ‍ॅथलेटिकला दुसरीकडे बघता येत नाही, त्यामुळे ते भाव वाढवतात.

१९. युरोपात काहीच जिंकलं नाही का? आणि महिला संघ आहे का?

युरोपात चषक नाही. १९७७ चा युएफा कप युव्हेंटसकडून गेला: तुरिनला ०-१, बिल्बाओत २-१, बाहेरच्या गोलाच्या नियमाने (एकूण गोल समान असले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकतो) हार. २०१२ चा युरोपा लीग अंतिम सामना बुखारेस्टला अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून ०-३ ने. जिव्हारी लागणारी हार २०२५ च्या युरोपा लीगमधली. अंतिम सामना सान मामेसवरच होता आणि मँचेस्टर युनायटेडने उपांत्य फेरीतच बाहेर काढलं. त्याच युनायटेडला १९५७ च्या जानेवारीत बर्फात ५-३ ने आणि २०१२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ ने हरवलं होतं, हेही लक्षात ठेवा.

महिला संघाने पाच लीग जिंकल्या आहेत, पहिली २००२-०३ मध्ये. प्रथा तिथेही तीच. ३० जानेवारी २०१९ ला अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धच्या त्यांच्या कोपा सामन्याला सान मामेसवर ४८,१२१ प्रेक्षक होते.

२०. समजा एखादं मराठी कुटुंब बिल्बाओला स्थायिक झालं. त्यांचा मुलगा अ‍ॅथलेटिककडून खेळू शकेल?

हो. तिथे जन्मला असेल तर थेट. पुण्यात जन्मून लहानपणी गेला आणि तिथल्या क्लबमध्ये फुटबॉल शिकला, तरीही. पासपोर्ट कुठला हे या प्रथेत येत नाही, गानेआ आणि इन्याकी विल्यम्स हीच उदाहरणं (प्रश्न ८ आणि ९). पंचविसाव्या वर्षी इथून थेट गेलेला, इथेच घडलेला खेळाडू मात्र नाही, मग तो कितीही चांगला असो.

२१. या अकादमीतला कोणी भारतात खेळला आहे का?

इगोर आंगुलो. बिल्बाओत जन्मलेला आणि अ‍ॅथलेटिकच्या अकादमीतून आलेला हा आक्रमक २०२०-२१ मध्ये एफसी गोवाकडून इंडियन सुपर लीग खेळला आणि १४ गोल करून त्याने त्या मोसमाचा गोल्डन बूट मिळवला. पुढच्या मोसमात तो मुंबई सिटीकडे होता. नंतर बिल्बाओचाच इकेर ग्वारोचेना गोव्याकडून खेळला, तोही याच अकादमीतला.